प्लगइन अपडेट मध्येच अडकलं, साइट बंद. होस्टिंगवाले कालचा बॅकअप टाकू म्हणतायत, टाकू देऊ का?

शाडूमाती_हमरापूर

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, काही सुटलं तर विचारा. पेणजवळ हमरापूरला आमच्या काकांचा गणपतीचा कारखाना आहे, सगळं शाडूचं काम, आणि बुकिंग वेबसाइटवर घेतो. साइट वर्डप्रेसवर, त्यावर दुकानासाठी वूकॉमर्स, आणि एक विकत घेतलेलं बुकिंगचं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, ज्यात गिऱ्हाईक मूर्ती न्यायची तारीख निवडतं आणि अ‍ॅडव्हान्स भरतं. परदेशातल्या मूर्ती कधीच रवाना झाल्या, आता मुंबई ठाणे पुण्याची बुकिंगं जोरात आहेत.

काल संध्याकाळी चुलत भावाने अ‍ॅडमिन उघडलं, अपडेटचा आकडा दिसला म्हणून सगळ्या प्लगइनवर टिक करून एकदम अपडेट दाबलं. वूकॉमर्सचं झालं असं त्याला दिसलं, मग पुढचं चालू झालं आणि स्क्रीन तिथेच गोल गोल फिरत राहिली, बराच वेळ. शेवटी त्याने टॅब बंद केला. त्यानंतर साइटवर "ब्रीफली अनअव्हेलेबल फॉर शेड्यूल्ड मेंटेनन्स" असं यायला लागलं, ते थोड्या वेळाने आपोआप गेलं आणि आता "देअर हॅज बीन अ क्रिटिकल एरर ऑन धिस वेबसाइट". अ‍ॅडमिनलाही तेच, लॉगिन पानच येत नाही.

विचित्र म्हणजे होम पेज आणि काही मूर्तींची पानं मोबाईलवर व्यवस्थित दिसतायत, फक्त कार्ट आणि चेकआउटला एरर. त्यामुळे लोकांना साइट चालू वाटतेय आणि फोन येतायत की पैसे कट झाले पण कन्फर्मेशन नाही.

यूट्यूबवर बघून प्लगइन्स फोल्डरचं नाव बदलून बघितलं, काही फरक नाही, तीच एरर. नाव परत होतं तसं करून ठेवलंय.

होस्टिंगच्या सपोर्टला चॅट केलं, ते म्हणाले आमच्याकडे काल पहाटेचा पूर्ण बॅकअप आहे, हो म्हणा, अर्ध्या तासात साइट होती तशी करून देतो. पण काल पहाटेपासून संध्याकाळपर्यंतची बुकिंगं त्यात नसणार ना? काल रविवार होता, भरपूर लोकांनी बुक केलंय. मेल येतात ऑर्डरचे पण सगळे येतातच असं नाही. काका म्हणतात कोणाच्या घरी चतुर्थीला मूर्ती पोचली नाही असं होता कामा नये, बाकी काहीही होवो. काय करू? मला सीपॅनल (होस्टिंगचं कंट्रोल पॅनल) येतं थोडंफार, कोडिंग येत नाही.


सर्व्हररूम_पुणे

दादा, आधी सपोर्टला कळवा की रिस्टोर करू नका. लेखी कळवा, चॅटमध्ये, कारण रात्रीच्या शिफ्टला दुसरा माणूस येतो आणि आधीच्याने टिकट उघडं ठेवलेलं बघून बटण दाबतो.

तुमची शंका बरोबर आहे. वर्डप्रेसच्या साइटचे दोन भाग असतात, एक फायली आणि दुसरा डेटाबेस. प्लगइनचं अपडेट फसतं तेव्हा शंभरातल्या बहुतेक वेळा बिघडतात त्या फायली. बुकिंगं, गिऱ्हाइकांचे पत्ते, तारखा, अ‍ॅडव्हान्स, हे सगळं डेटाबेसमध्ये आहे आणि ते आत्ता या क्षणीही जागेवर सुरक्षित आहे, साइट बंद दिसत असली तरी. पूर्ण बॅकअप टाकला की चांगला असलेला डेटाबेस पुसून त्याजागी काल पहाटेचा येईल. मूर्तीचे डोळे नीट उमटले नाहीत म्हणून कोणी आख्खी मूर्ती मोडून परत साच्यात घालत नाही, तसंच हे. शिवाय काही ठिकाणी अकाउंट रिस्टोर म्हणजे त्यात मेलबॉक्सही धरलेला असतो, म्हणजे ज्या ऑर्डरच्या मेलवर तुम्ही विसंबणार तेच मेल मागे जायचे.

आता करायचं काय. सीपॅनलमध्ये पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडा, डेटाबेस तिथून बघता येतो, डावीकडे तुमचा निवडा, वर एक्सपोर्ट, क्विक, आणि फाइल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. हे झाल्याशिवाय दुसरं काही करू नका. ही फाइल हातात असली की पुढे काहीही बिनसलं तरी बुकिंगं जाणार नाहीत.

मेंटेनन्सचा मेसेज आपोआप का गेला ते सांगतो, त्यावरून काय झालं ते कळतं. अपडेट चालू झालं की वर्डप्रेस मुख्य फोल्डरमध्ये डॉट मेंटेनन्स नावाची एक छोटी लपलेली फाइल टाकतं आणि काम संपलं की काढतं. काम मध्येच मेलं तर फाइल तशीच राहते, पण तिच्यात वेळ लिहिलेली असते आणि १० मिनिटांपेक्षा जुनी झाली की वर्डप्रेस तिच्याकडे लक्ष देत नाही. म्हणजे तुमचं अपडेट पूर्ण झालं नाही, फसलं असंही जाहीर झालं नाही, मध्येच मारलं गेलं. शेअर्ड होस्टिंगवर एका प्रोसेसला जेवढा वेळ किंवा मेमरी ठरवून दिलेली असते ती ओलांडली की सर्व्हर तिला मारून टाकतो, एकदम सगळ्या प्लगइनवर टिक केल्यावर हे फार होतं.

होम पेज दिसतंय ते कॅशमधून, जुनी साठवलेली प्रत. कार्ट आणि चेकआउट कॅश होत नाहीत म्हणून तिथे खरी परिस्थिती दिसते.

एक्सपोर्ट झालं की मला एरर लॉग हवा. सीपॅनलच्या फाइल मॅनेजरमध्ये पब्लिक एचटीएमएलच्या आत एरर_लॉग नावाची फाइल असेल, तिच्या अगदी शेवटच्या ओळी बघा, फेटल एरर असं जिथे लिहिलंय ती ओळ इथे टाका. तशी फाइल नसेल तर डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डब्ल्यूपी डीबग आणि डब्ल्यूपी डीबग लॉग दोन्ही ट्रू करा, डब्ल्यूपी डीबग डिस्प्ले मात्र फॉल्स ठेवा नाहीतर एरर गिऱ्हाइकांना दिसतील. मग डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये डीबग डॉट लॉग तयार होईल.

आणि अ‍ॅडमिनचा ईमेल कोणाचा आहे? २०१९ च्या ५.२ व्हर्जनपासून असा क्रिटिकल एरर आला की वर्डप्रेस त्या ईमेलवर रिकव्हरी मोडची लिंक पाठवतं, तिच्यातून लॉगिन केलं की बिघडलेलं प्लगइन किंवा थीम फक्त तुमच्यापुरती थांबवून अ‍ॅडमिन उघडतं.


शाडूमाती_हमरापूर

सपोर्टला लिहून टाकलं, त्यांनी टिकट होल्डवर ठेवलं. एक्सपोर्ट झालं, फाइल उतरवली आणि पेन ड्राइव्हवरही टाकली.

ईमेल ज्याने साइट बनवली त्या डेव्हलपरचा आहे, तो आता नोकरीला लागलाय, फोन उचलत नाही, मेसेज टाकून ठेवलाय.

लॉगमध्ये शेवटी सारखी एकच ओळ परत परत आहे. कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन, पुढे बुकिंगच्या प्लगइनच्या नावाने सुरू होणारं काहीतरी लांबलचक फंक्शनचं नाव, आणि फाइलचा पत्ता मात्र थीम्सच्या आतला, चाइल्ड थीमची फंक्शन्स डॉट पीएचपी. म्हणजे बिघाड थीममध्ये आहे का? थीमला तर कोणी हात लावला नाही.

आणि बुकिंगच्या प्लगइनचा फोल्डर उघडून बघितला, आत फक्त असेट्स आणि लँग्वेजेस असे दोन फोल्डर आहेत. बाकीच्या प्लगइनमध्ये भरपूर फायली दिसतात, यात काहीच नाही. हे प्लगइन विकतचं आहे, लायसन्स त्याच डेव्हलपरच्या नावावर, मी कंपनीच्या साइटवरून डाउनलोड करू शकत नाही. आता सेटिंग गेली का सगळी?


कोल्हापूरचा_फ्रीलान्सर

एवढं कशाला खोलात जाताय, सीझन चालू आहे, पूर्ण रिस्टोर घ्या, साइट चालू करा आणि कालची बुकिंगं मेल आणि पेमेंट गेटवेवरून (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) हाताने भरा. मी क्लायंटांची असंच करतो, अर्ध्या तासात मोकळं. कोडिंग न येणाऱ्या माणसाने फाइल मॅनेजरमध्ये घुसणं म्हणजे अजून काहीतरी उडवून बसणार. नाहीतर थीम बदलून वर्डप्रेसची साधी ट्वेंटी ट्वेंटी-फोर वगैरे लावा, एरर थीममध्येच आहे ना.


सर्व्हररूम_पुणे

@कोल्हापूरचा_फ्रीलान्सर ज्या साइटवर नुसती माहिती आहे, शाळेची, डॉक्टरांची, तिथे तुमचं बरोबर आहे, मीही तेच करीन. दुकानाला नाही. गेटवेमध्ये तुम्हाला रक्कम, फोन नंबर आणि फार तर ऑर्डर नंबर मिळेल, कोणती मूर्ती, किती इंच, कोणत्या तारखेला कोण न्यायला येणार हे तिथे नाही. ते फक्त साइटच्या डेटाबेसमध्ये आहे. ज्यांनी अ‍ॅडव्हान्स न भरता फोनवर बोलून ऑर्डर टाकली असेल ते तर कुठेच सापडणार नाहीत. आणि रिस्टोर केल्यावर नवीन ऑर्डरना काल दिलेलेच नंबर परत मिळायला लागतील, म्हणजे एका नंबरची दोन घरं. हे हाताने निस्तरायला अर्धा तास नाही, आठवडा जातो.

@शाडूमाती_हमरापूर सेटिंग गेलेली नाही, ती डेटाबेसमध्ये असते. थीमही बिघडलेली नाही. तुमच्या डेव्हलपरने चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर स्वतःचे बदल ठेवायच्या जागेत, दोन ओळी लिहिल्यात ज्या बुकिंगच्या प्लगइनमधलं फंक्शन वापरतात, बहुतेक मूर्ती न्यायची तारीख पानावर दाखवायला. प्लगइनची मुख्य फाइलच नसल्यामुळे वर्डप्रेसने ते मुकाट्याने वगळलं, मग थीमने त्या फंक्शनला हाक मारली आणि तिथे कोणी नाही, म्हणून फेटल एरर. याच कारणाने प्लगइन्स फोल्डरचं नाव बदलूनही तुम्हाला फरक दिसला नाही, उलट त्याने वूकॉमर्सही बाजूला गेलं. व्हिडिओत सांगतात ते चूक नसतं पण ते प्लगइनच्या आत एरर असेल तेव्हाचं औषध आहे. थीम बदलूनही उपयोग नाही, पानं उघडतील पण तारीख आणि अ‍ॅडव्हान्सचा भागच नसेल, लोक पूर्ण किमतीला विनातारखेचं बुकिंग करून बसतील.

आता चांगली बातमी असू शकते, नक्की नाही. वर्डप्रेसचं व्हर्जन ६.३ किंवा पुढचं आहे का? २०२३ च्या ऑगस्टमध्ये ६.३ आलं तेव्हापासून प्लगइन अपडेट करताना वर्डप्रेस जुनं व्हर्जन आधी डब्ल्यूपी-कंटेंटच्या आत अपग्रेड-टेम्प-बॅकअप नावाच्या फोल्डरमध्ये हलवून ठेवतं, मग नवीन जागेवर आणतं. अपडेट फसलं तर जुनं परत आणून ठेवायचं अशी ती सोय. पण फसलं हे वर्डप्रेसला कळलं तरच ते परत ठेवणार, प्रोसेसच मारली गेली तर परत ठेवणारं कोणी उरत नाही आणि जुनी प्रत तिथेच पडून राहते. तुमच्याकडे हेच झालंय असं मला ९० टक्के वाटतंय, नवीन फायली येत होत्या, असेट्स आणि लँग्वेजेस आले आणि पुढचं यायच्या आत खेळ खल्लास. बघा त्या फोल्डरमध्ये प्लगइन्स आणि त्याच्या आत बुकिंगच्या प्लगइनचा फोल्डर आहे का. ते फोल्डर वर्डप्रेस आठवड्यातून एकदा आपोआप साफ करतं म्हणून बघायचं ते आत्ताच बघा, आणि सापडलं तर आधी कॉम्प्रेस करून झिप डाउनलोड करा.

हलवण्याआधी मात्र खाली कोणी ऑर्डरवाल्या बाजूचं काही सांगतंय का बघा, साइट चालू झाल्याबरोबर ज्या गोष्टी आपोआप सुरू होतात त्यातलं मला सगळं माहीत नाही.


वूकॉमर्सवाली_ठाणे

मी सांगते, थांबा जरा, साइट चालू करायच्या आधी हे वाचा कारण तुमच्या धंद्यात हे फार महत्त्वाचं आहे.

तुमच्याकडे प्रत्येक मूर्ती एकच नग असणार ना? म्हणजे स्टॉक १, बुक झाली की आउट ऑफ स्टॉक. आता वूकॉमर्समध्ये होल्ड स्टॉक नावाची सेटिंग असते, मुळात ६० मिनिटांची. एखाद्याने ऑर्डर टाकली आणि पैसे आले नाहीत तर ती पेंडिंग पेमेंटमध्ये राहते, ६० मिनिटं झाली की वूकॉमर्स ती रद्द करून मूर्ती परत विक्रीला लावतं. रोजच्या दिवसात ही सोय चांगली आहे. पण काल तुमच्याकडे असं झालं असणार की लोकांनी साइट पडायच्या थोडं आधी ऑर्डर टाकली, यूपीआयने पैसे भरले, गेटवेने तुमच्या साइटला कळवायचा प्रयत्न केला आणि साइटने एरर दिली. पैसे गेटवेकडे आलेत, पण साइटच्या दृष्टीने ऑर्डर अजून पेंडिंग. फोन करणारे लोक तेच. साइट बंद असल्यामुळे रद्द करणारं कामही बंद पडलंय, म्हणून त्या ऑर्डर अजून शाबूत आहेत. तुम्ही साइट चालू केली की पहिल्या एकदोन मिनिटांत तुंबलेली सगळी कामं धावतात, त्यात हेही, आणि त्या सगळ्या पेंडिंग ऑर्डर कॅन्सल होऊन मूर्ती परत विक्रीला येतात. मग दुसरा कोणीतरी तीच मूर्ती घेतो. पैसे भरलेली दोन माणसं आणि मूर्ती एक. सणाच्या तोंडावर हे कोणावर येऊ नये, मी एका साड्यांच्या दुकानाचं असं झालेलं बघितलंय, तिथे निदान दुसरी साडी तरी देता येते.

म्हणून प्लगइन जागेवर ठेवायच्या आधी पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये ऑप्शन्सच्या टेबलात जा, नावाच्या शेवटी ऑप्शन्स असतं, पुढचा भाग तुमच्याकडे वेगळा असू शकतो. तिथे ऑप्शन नेममध्ये वूकॉमर्स अंडरस्कोर होल्ड अंडरस्कोर स्टॉक अंडरस्कोर मिनिट्स शोधा, समोर ६० किंवा तुमच्या डेव्हलपरने टाकलेला आकडा असेल, तो पुसून रिकामा करून सेव्ह करा. रिकामा म्हणजे रद्द करूच नको. मूर्ती मात्र याने अडून राहत नाही, म्हणून पुढची जुळवणी लगेच करा. हा साधा आकडा आहे म्हणून हाताने बदलला तरी चालतो, त्या टेबलातल्या बाकीच्या लांबलचक मजकुरांना मात्र बोट लावू नका, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी आख्खी सेटिंग वाचता येत नाही.

मग साइट चालू करा, कॅश पूर्ण पर्ज करा, म्हणजे पुसा, नाहीतर लोकांना जुनी पानं दिसत राहतील ज्यात विकलेली मूर्ती उपलब्ध दिसते. मग गेटवेचा डॅशबोर्ड एका बाजूला आणि साइटच्या पेंडिंग ऑर्डर दुसऱ्या बाजूला घेऊन बसा, एकेक जुळवा. गेटवे स्वतःही कळवायचा परत परत प्रयत्न करत असतात त्यामुळे काही ऑर्डर आपोआप प्रोसेसिंगमध्ये गेलेल्या दिसतील, उरलेल्या तुम्ही बदला आणि ऑर्डर नोटमध्ये पेमेंट आयडी लिहून ठेवा.


शाडूमाती_हमरापूर

ताई आणि दादा, दोघांचेही हात जोडून आभार. फोल्डर होता!! अपग्रेड-टेम्प-बॅकअप, प्लगइन्स, आत बुकिंगचं प्लगइन पूर्ण, सगळ्या फायली. झिप करून उतरवलं.

आधी ताईंनी सांगितलं ते केलं, तो आकडा ६० च होता, रिकामा केला. मग प्लगइन्समधल्या अर्धवट फोल्डरला जुनं असं नाव देऊन पब्लिक एचटीएमएलच्या बाहेर नेऊन ठेवला, आणि बॅकअपमधला तिकडे कॉपी केला, मूव्ह नाही केला कारण मूळ तिथेच राहू दे म्हटलं. रिफ्रेश केलं आणि चेकआउट उघडलं, अ‍ॅडमिनही. प्लगइन आपोआप अ‍ॅक्टिव्हच होतं, तारखा सगळ्या जशाच्या तशा. भावाला तर रडू यायचं बाकी होतं, काल रात्रीपासून जेवला नव्हता.

पेंडिंगमध्ये ज्या ऑर्डर होत्या त्यातल्या बऱ्याच जणांचे पैसे खरंच गेटवेला आलेत. एकेकाला फोन करतोय. एक आजी डोंबिवलीच्या, त्यांनी आम्हाला काहीच फोन केला नव्हता, त्यांना वाटलं बुकिंग झालंच, पैसे गेले म्हणजे झालं. त्यांची मूर्ती साइटवर पेंडिंगमध्ये होती. ताई तुम्ही सांगितलं नसतं तर त्यांची ऑर्डर रद्द झाली असती आणि त्या थेट न्यायलाच आल्या असत्या.

आता दोन शंका. अ‍ॅडमिनमध्ये वर पट्टी आलीय की वूकॉमर्स डेटाबेस अपडेट रिक्वायर्ड, बटण दाबू का? आणि बुकिंगच्या प्लगइनला परत अपडेट दिसतंय, ते केलं तर परत तेच होणार का?


सर्व्हररूम_पुणे

वा, सुटलात. अ‍ॅक्टिव्ह राहिलं याचं कारण अ‍ॅडमिन उघडतच नव्हतं. प्लगइन्सची यादी जर कोणी उघडली असती तर फाइल सापडत नाही म्हणून वर्डप्रेसने ते यादीतून डीअ‍ॅक्टिव्हेट केलं असतं. व्हिडिओत बघून आख्खा प्लगइन्स फोल्डर बाजूला करणारे लोक नेमके तिथे फसतात, साइट उघडते, यादी बघतात, आणि मग नाव परत केलं तरी सगळी प्लगइन बंद, एकेक चालू करत बसा.

वूकॉमर्सच्या पट्टीचं: नवीन वूकॉमर्सच्या फायली आल्यात पण टेबलांची रचना अजून जुन्या व्हर्जनची आहे, म्हणून विचारतंय. दाबावं लागेल, पण आजचं सगळं जुळवून झाल्यावर, रात्री उशिरा, आणि दाबायच्या आधी परत एकदा ताजा एक्सपोर्ट घेऊन. हे काम मागच्या मागे चालतं, ऑर्डर जास्त असतील तर वेळ लागतो, पट्टी लगेच जात नाही म्हणून परत परत दाबू नका. आणि एकदा ते झालं की मग वूकॉमर्सच्या जुन्या फायली परत टाकायच्या नाहीत, फायली मागे नेता येतात, टेबलं जात नाहीत.

बुकिंगच्या प्लगइनचं अपडेट आत्ता नको. ते नवीन व्हर्जन सुरक्षेचं आहे का हे चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) बघा, सिक्युरिटी असा शब्द असेल तर थांबू नका, तसं असेल तर इथे सांगा मी बघतो. नसेल तर विसर्जनानंतर. करताना एकावेळी एकच प्लगइन, टॅब बंद न करता, आणि होस्टिंगवाल्यांना विचारून स्टेजिंग कॉपी, म्हणजे साइटची चाचणीसाठीची वेगळी प्रत, मिळते का बघा, तिथे आधी करून बघायचं. स्टेजिंगवर पेमेंट गेटवे टेस्ट मोडला टाकायला आणि मेल जाणं बंद करायला विसरू नका, नाहीतर गिऱ्हाइकांना तिथूनही मेल जातात.

अजून एक, कोणी डेव्हलपर मिळाला की चाइल्ड थीममधल्या त्या दोन ओळींना फंक्शन एक्झिस्ट्सची अट घालून घ्या. म्हणजे प्लगइन कधी गायब झालंच तर तारीख दिसणार नाही पण आख्खी साइट आडवी होणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे. आणि अ‍ॅडमिनचा ईमेल आजच तुमचा करा, जनरल सेटिंग्जमध्ये, नवीन पत्त्यावर मेल येईल तो कन्फर्म केल्याशिवाय बदल होत नाही. रिकव्हरीची लिंक काल रात्री त्या डेव्हलपरला गेलीच असणार, आणि एकदा गेली की पुढे दिवसभर दुसरी जात नाही.


कोल्हापूरचा_फ्रीलान्सर

टेम्प-बॅकअप फोल्डरचं मला खरंच माहीत नव्हतं, आज शिकलो. एक विचारायचं होतं, ऑटो अपडेट चालू ठेवलं तर त्यात हे रोलबॅक, म्हणजे जुनं परत आणणं, चालतं का? क्लायंट सारखे विचारतात.


सर्व्हररूम_पुणे

६.६ पासून चालतं, २०२४ चा जुलै. ऑटो अपडेट झाल्यावर वर्डप्रेस साइटला स्वतःच एक भेट देऊन बघतं, फेटल एरर आली तर जुनं व्हर्जन परत. पण ती भेट होम पेजला असते. चेकआउटलाच एरर येत असेल किंवा एरर न येता चुकीची रक्कम दिसत असेल तर त्याला कळत नाही. म्हणून दुकानाच्या साइटला मी गेटवे, शिपिंग, बुकिंग यांचं ऑटो बंद ठेवतो आणि फॉर्म, एसईओ, सिक्युरिटी यांचं चालू. सगळ्यांचं सरसकट बंद करणं पण चूक, जुन्या प्लगइनमधूनच साइट हॅक होतात.


वूकॉमर्सवाली_ठाणे

यात एक भर, प्लगइन बिघडलं म्हणून अ‍ॅडमिनमधून डिलीट करून नव्याने टाकायचा सल्ला पण बरेच जण देतात, तो देऊ नका कोणाला. डिलीटचं बटण दाबलं की काही प्लगइन स्वतःचा डेटाही पुसून जातात, तशी फाइलच असते त्यांच्यात. फाइल मॅनेजरमधून फोल्डर काढला तर ते चालत नाही, डेटा राहतो. बुकिंगच्या प्लगइनला असं केलं असतं तर तारखा जाऊ शकल्या असत्या.

@शाडूमाती_हमरापूर सगळं जुळलं की तो होल्ड स्टॉकचा आकडा परत भरा, वूकॉमर्स, सेटिंग्ज, प्रॉडक्ट्स, इन्व्हेंटरीमध्ये. नाहीतर अर्धवट सोडलेल्या ऑर्डर पेंडिंगमध्ये पडून राहतील, आणि कोणी पैसे भरत असताना तीच मूर्ती दुसऱ्यालाही विकली जाऊ शकते.


शाडूमाती_हमरापूर

जुळवून झालं सगळं. पेंडिंगमध्ये आता फक्त ज्यांनी खरंच पैसे भरले नाहीत तेवढेच राहिलेत, त्यांनाही फोन केला, कोणी भरतो म्हणाले, कोणी नको म्हणाले ते आम्ही रद्द केले. एका मूर्तीला दोन बुकिंगं अशी एकही निघाली नाही. होल्ड स्टॉक परत ६० केला. ईमेल बदलला, कन्फर्म केला. चेंजलॉगमध्ये सिक्युरिटी शब्द नाही, नवीन कॅलेंडरची डिझाइन आणि भाषांतरं आहेत, म्हणजे विसर्जनानंतर.

वूकॉमर्सचं बटण काल रात्री सगळे झोपल्यावर दाबलं, एक्सपोर्ट घेऊन. पट्टी बराच वेळ तशीच होती, दादांनी सांगितलेलं म्हणून हात लावला नाही, पहाटे गेली. सकाळी पहिली ऑर्डर पुण्याहून आली, बारा इंची, तारीख आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही बरोबर दिसलं.

डेव्हलपरचा फोन आला अखेर, तो म्हणाला फंक्शन एक्झिस्ट्स रविवारी टाकून देतो आणि लायसन्सचं लॉगिन काकांच्या नावावर करून देतो. होस्टिंगचं टिकट बंद केलं.